वाणातली कॅसेट

माझ्या गाण्यांची कॅसेट आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाणी माझीच. शब्द माझे, चाली माझ्या, गिटारही मीच वाजवलेली. मी तेव्हा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. घरी तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, कॅसेट चालली तर नोकरी सोडीन, नाही चालली तर गिटार. नव्वदीतल्या बेंगळुरात मराठी गाणी घेणार कोण, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. बनशंकरीतल्या दुकानदाराने कॅसेटांचा खोका काही दिवस ठेवून घेतला आणि 'कन्नडमध्ये नाही का, मॅडम?' असं विचारून परत केला. तो माझ्या खाटेखाली गेला. रोज केर काढताना आईचा झाडू त्याला अडायचा.

संक्रांतीला मी कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर आई एकेकीला कुंकू लावून हातात एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इकडच्या तीळगुळाची, पुडी ठेवत होती आणि वर माझी कॅसेट. गल्लीतल्या साऱ्या बायका होत्या, नवऱ्याच्या कंप्युटरच्या नोकरीपायी पुण्याहून आलेल्या दोघीही होत्या. मी आईला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, हे काय चालवलंयस?"

"वाण आहे गं. वाणाला कुणी नाही म्हणत नाही."

तेच तर झोंबलं. दुकानदाराला नाही म्हणता आलं होतं, या बायकांना तीही सोय नव्हती. गेल्या वर्षी प्लास्टिकच्या गाळण्या दिल्या होत्या, यंदा मी. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? पुढे कित्येक दिवस मी बसस्टॉपला मागच्या गल्लीने जात होते. तरी पुण्याच्या एकीने गाठलंच. "छान आहे हं, रेकॉर्डिंग एकदम क्लिअर आहे," म्हणाली.

कॅसेट कशी झाली होती, हे मला ठाऊक होतं. बहुतेक गाण्यांत क्षितिज, तिमिर असले शब्द, जे आमच्या घरात कुणी जन्मात उच्चारले नव्हते. त्यावर स्टुडिओवाल्याने एवढा एको चढवला होता की मी विहिरीत बसून गातेय असं वाटायचं. शेवटी टेप उरली म्हणून आणखी एक गाणं भरलं. माझी बस येईपर्यंत आई फाटकाशी उभी राहते, एवढंच त्यात होतं. साधी गिटार आणि घरची कन्नड मिसळलेली बोली, 'स्वल्प थांब' वगैरे सगळं. त्याचीही लाज वाटली होती, म्हणून ते सगळ्यांत शेवटी.

एकदा डबा परत द्यायला शेजारच्या अक्कांकडे गेले. त्या गल्लीतलं भजनी मंडळ चालवायच्या. टेपवर त्यांचंच भजन लागलं होतं. मी कॉफी पीत बसले. आणि गजर ऐन रंगात असताना खट् झालं आणि माझी गिटार सुरू झाली. फाटकाचं गाणं. ते संपलं आणि टेपही संपली.

"अक्का, बाकीची गाणी?"

"त्यांच्यावर आमची भजनं भरली की गं. कॅसेटच्या वरच्या भोकांवर चिकटपट्टी लावली, सरी, झालं काम. हे एक ठेवलंय. हे तुझं आहे." मग अगदी सहज विचारलं, "बाकीची कुणाची होती गं?"

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. माझे कान तापले. तीही माझीच होती. मी कप ठेवून उठले.

गिटार सोडायची हे वाटेतच ठरलं. घरी आई खोबऱ्याचे काप करत होती. मी म्हटलं, "अक्कांनी सगळं पुसलं. बरं केलं. तूही ती कॅसेट आता कुणाला ऐकवू नकोस."

"मला कॅसेट कशाला लागते? सगळी पाठ आहेत," ती म्हणाली आणि विळीवरून मान न उचलता गायला लागली. पहिलंच गाणं, सगळ्यांत वाईट. क्षितिज म्हणजे काय हे तिला ठाऊक नसावं. पण 'दूर' शब्दाशी आली, की ती तोंडाने एकोसुद्धा काढायची, "दूर… ऊर… ऊर…"

"आई, ते ऊर-ऊर माझं नाही गं. ते स्टुडिओवाल्याने घातलंय."

"असेना. तुझ्या कॅसेटवर आहे ना? मग तुझंच."

आणि ती पुढचं कडवं गायला लागली. एवढी लाज मला हळदीकुंकवालाही वाटली नव्हती. गिटार सोडतेय, हे तिला सांगायचं राहून गेलं.