आधी ऐकणारी पेटी

मी अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बिनतारी संदेशवहन शिकवते. हवेतल्या बिनतारी लहरींचे काही पट्टे सरकारने सगळ्यांसाठी मोकळे ठेवलेत. तिथे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळू नये म्हणून यंत्राने शहाण्यासारखं कसं वागावं, हा माझा पीएचडीचा विषय. आधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर दुसरी जागा शोधायची. तीही भरलेली असेल तर थांबायचं, पुन्हा तसंच दिसलं तर आणखी जास्त थांबायचं. आणि बोलायचं तेही हळू, शेजाऱ्याला त्रास नको. मला या सभ्यपणाचं फार कौतुक होतं. माझ्या घरात कुणीच तसं वागत नाही, मी तर मुळीच नाही.

प्रयोगासाठी अकोल्याजवळची एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारी गिरणी, मिळाली. कापसाची गंजी कधी कधी आतून धुमसते. वरून पांढरीशुभ्र, पोटात निखारा. याच नियमांनी चालणारी आमची बिनतारी पेटी शेजारच्या खांबावर बसवायची, तिची नळी गंजीत खुपसायची आणि आतला ताप वाढला की पेटीने ऑफिसातला भोंगा वाजवायचा, असा बेत होता.

तोवर हे काम तिथले एक म्हातारे फिटर करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. दर तासाला लोखंडी सळई गंजीत घालायची, थोडा वेळ ठेवून बाहेर ओढायची आणि हाताने चाचपायची. माझी पेटी पाहून ते म्हणाले, "मॅडम, हे बोलते काय?"

"बोलते ना. गरम झालं की भोंगा वाजवते."

"अन् नाही बोलली तं?"

मी चिडले. इतकी वर्षं घासलेल्या विषयावर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. "चाचा, तुम्ही झोपता की नाही? ही झोपत नाही," मी म्हटलं. चाचा हसले. मालकाने मात्र ते वाक्य बरोबर उचललं. पुढच्या हंगामात त्याने सळईच्या फेऱ्या बंद केल्या आणि चाचांना पूर्णवेळ मशीनवर घेतलं.

चाचण्या मे अखेर झाल्या, कारण प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता. मे अखेर जिनिंगमध्ये चिटपाखरूही नसतं. रिकाम्या आवारात उरलासुरला कापूस गोळा करून आम्ही तो शेगडीने तापवला आणि पेटी दर वेळी बोलली. बोलणारच, दुसरं कुणी बोलतच नव्हतं. आग लागली असेल तर थांबू नकोस, सरळ ओरड, अशी एक ओळ तिच्या नियमांत लिहायची राहिली. राहिली असंही नाही. सुचली होती, पण एवढ्या देखण्या नियमांत ती मला असभ्य वाटली.

दिवाळीनंतर कापूस यायला लागला. चोऱ्या होतात म्हणून मालकाने आवारभर बिनतारी कॅमेरे लावले, त्याच मोकळ्या पट्ट्यांत. मला कुणी विचारलं नाही आणि मीही चौकशी केली नाही. डिसेंबरातल्या एका दुपारी मोठी गंजी पेटली. भोंगा वाजला नाही, जाळ दिसला तेव्हाच कळलं. वर कापूस ओढणाऱ्या दोन बायका होत्या. चाचांनी चढून त्यांना खाली लोटलं. बायका वाचल्या, चाचांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

म्हाताऱ्याने लक्ष ठेवलं नाही, असं मालक सांगत सुटला. विम्याच्या माणसाने माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. खांबावरची पेटी अर्धी वितळली होती, पण आतली नोंद शाबूत होती. आग पेटीला वीस मिनिटं आधी कळली होती. तिने ऐकलं, जागा भरलेली होती, थांबली. दुसऱ्या जागी गेली, तीही भरलेली, आणखी थांबली. थांबलेली असतानाच तिची वायर जळाली. मी अहवालात लिहिलं, यंत्राने ठरलेल्या नियमांनुसार काम केले. म्हणजे चूक माणसाची, असा अर्थ निघाला आणि त्या खऱ्या वाक्यावर चाचांची नोकरी गेली.

महिन्याने मी त्यांच्या घरी गेले. सून त्यांना बशीने चहा पाजत होती. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तिले मालूम होतं?" चाचांनी विचारलं.

"होतं."

"मंग इतकं कोण बोलून राहिलं होतं?"

"कॅमेरे. गंजीचंच चित्र पाठवत होते. धुराचं."

"अन् कोण पाहून राहिलं होतं ते?"

"कुणीच नाही."

चाचांनी मानेनेच सुनेला बशी बाजूला ठेवायला सांगितली. मग म्हणाले, "हे कागदावर लिहून द्या, मॅडम. पस्तीस साल सळई घातली म्या. आता लोकं मले कामचोर म्हणून राहिले."

मी हो म्हटलं. घरी येऊन पत्र लिहिलं, सहीसुद्धा केली. तोंडी परीक्षा तोंडावर होती, म्हणून ती झाल्यावर द्यायचं ठरवलं. मग पदवी हातात आल्यावर. पदवी मिळून दोन वर्षं झाली. पत्र माझ्या कपाटात आहे. चाचा अजून जिवंत आहेत, त्यामुळे उशीर झाला असं म्हणायचीही मला सोय नाही.