नशिराबादच्या लेकीचे काप

त्या दिवशी मी देवीवर रुसले होते, हे आधीच कबूल करते. देवपुरात राहते, गणित शिकवते. दिवस भरण्याआधी जन्मून दगावलेल्या बाळांच्या फुफ्फुसातल्या हवेच्या पोकळ्या मोजण्याचं काम पीएच.डी.साठी कित्येक वर्षं धरून बसले होते. फुफ्फुसाच्या पातळ कापाचं मोठं चित्र घ्यायचं, त्यावर आधी मोठ्या, मग लहान लहान चौकटी आखायच्या आणि पोकळ्यांच्या भिंती किती चौकटींत येतात ते मोजायचं. ही फ्रॅक्टल भूमिती. फुफ्फुस कितपत तयार झालं होतं, ते त्या एका आकड्यावरून कळतं.

सगळ्या बाळांचे आकडे गर्भातल्या वाढत्या दिवसांप्रमाणे चढत गेले. नशिराबादच्या एका मुलीचा मात्र कुठेच बसेना. "तिला वगळा," मार्गदर्शक सर म्हणाले. पण संमतीची सही करताना तिच्या आईनं माझा हात धरला होता. "वाया तर नाही जाणार ना, ताई?" मी तिला शब्द दिला होता.

तरी वगळायचं ठरवूनच मी पांझरा नदीकाठच्या देवीच्या देवळात गेले, तेही भांडायला. त्या मुलीच्या कापाचं चित्र मांडीवर घेऊन पायरीवर बसले. शेजारी एक म्हातारे नाना पूजेसाठी आणलेल्या केळीच्या खांबांचे बुडखे विळ्यानं सारखे करत होते. त्यांनी चित्राकडे पाहिलं.

"ताई, हाई कापेल नही, फाटेल शे. विळानी धार गयेल शे."

फुफ्फुसाचं चित्र, आणि नाना म्हणतात हे कापलेलं नाही, फाटलंय, विळ्याची धार गेलीय! मला हसूच आलं. नानांनी बोथट विळ्यानं काढलेली एक चकती दाखवली. केळीच्या आतल्या पोकळ्यांच्या भिंती तुटून लोंबत होत्या, दोन पोकळ्यांची एक झाली होती. मग विळा दगडावर घासून दुसरी काढली. तिच्यात एकूण एक भिंत शाबूत. मी गणित शंभरदा तपासलं होतं, काप घेणाऱ्या यंत्राचं पातं एकदाही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मुलीच्या फुफ्फुसाचा मेणात जपलेला तुकडा शिल्लक होता. नवं पातं लावून पुन्हा काप घेतले आणि तिचा आकडा ओळीत जाऊन बसला. मी भर प्रयोगशाळेत टाळ्या वाजवल्या. सरांनी दोनदा मोजून पाहिलं आणि पेढे मागवले. मी नानांना शोधायला गेले, तर त्यांचं गाव कोणालाच ठाऊक नव्हतं. देवीनंच धाडलं का, हा वाद मी घालत नाही. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मला वाटायचं. आपल्याला सगळं दिसत नाही एवढं मान्य केलं, तरी पुष्कळ होतं.

नशिराबादला जाऊन मुलीच्या आईला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं सासूला हाक मारली, "अक्का, ऐका ना, आपली पोर कामी आली." दोघींच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. माझ्याकडे त्या बाळाचा फक्त क्रमांक होता, म्हणून नाव विचारलं. ते इथे लिहीत नाही. संध्याकाळी दिवा लावताना देवीच्या नावाआधी घेते.