पडद्यामागच्या बाया

जऊळक्याला स्टेशनजवळ टुरिंग टॉकीजचा तंबू लागे. मशीन चालवायचा इंद्रभान. ऐट अशी की जणू चंद्रसूर्याची चावी याच्याच खिशात! पडद्यापुढे पुरुष बसत, मागे बाया. बायांना चित्र उलटं दिसे. त्याचं कोणाला काही वाटत नसे. दोघांची गर्दी एक होऊ नये म्हणून बायांचं दार बाहेरून बांधलेलं असायचं. सिनेमा संपून पुरुष पांगले, की इंद्रभान ते सोडायचा.

एकाहत्तर साली एका संध्याकाळी इंजिन सुरू झालं, दिवा पेटला, पण रीळ काही सरकेना. खूप खटपट करून इंद्रभानने हात टेकले.

"आज खेळ नाई! घरी जा!" तो ओरडला.

पुरुष शिव्या देत गेले. त्याने इंजिन बंद केलं, रीळ डब्यात घातलं, भोंगा उतरवला. दार मात्र सिनेमा संपल्यावर सोडायचं, आणि सिनेमा तर सुरूच झाला नव्हता! त्यामुळे ते त्याच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी त्याने पडद्याची दोरी सोडली. पडदा खाली आला आणि त्याने हातातला कंदील वर धरला.

समोर पन्नासेक बाया मुकाट बसलेल्या. मांडीवर झोपलेली पोरं. पुढेच त्याची बायको मनकर्णा.

"अवं, तुमी अजून बसूनच?" इंद्रभानने विचारलं. "खेळ नाई म्हनून ओरडलो ना मी!"

"आयकू आलं," मनकर्णा म्हणाली. "पन थे मानसायले म्हनलं. आमाले जा म्हनाचं असतं, तं दार सोडलं नसतं काय?"