आबांनी घेतलेली परीक्षा

शेजारच्या इंग्रज बाईंनी बागेत काटक्या पेटवल्या की त्या धुराच्या वासानं मला देवपूरच्या अंगणातली एक सकाळ आठवते. ब्रिटिश नागरिकत्वाच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन मी माहेरी आले होते. आई गेल्यापासून एकटे राहणारे माझे वडील, आबा, भरिताची वांगी भाजता भाजता पुस्तकातून मला इंग्लंडच्या राजाराण्या विचारत होते. मध्येच थांबून ते म्हणाले, "पास झाली का आपला पासपोर्ट परत देनं पडी का?" "हो, आबा." ते बराच वेळ वांगी उलटत राहिले. मग म्हणाले, "बरं, पुढला प्रश्न." मी पास झाले. आबा गेल्याचा फोन आला तशी लगेच निघाले, आणि मुंबईच्या विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत उभी राहिले.