म्हशीवरचा आळ

बिडकीनची दगडाबाई माझी सख्खी आत्या. तीस वर्षं तिनं म्हशी सांभाळल्या, पण गोचिडावर औषध कधी फवारलं नाही. म्हैस अंग चाटते, औषध तिच्या पोटात जाईल, म्हणून रोज दुपारी एकेक गोचीड हातानं उपटून रॉकेलच्या डब्यात टाकायची.

गेल्या वर्षी तिचा गुडघा नारळाएवढा सुजला. शहरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. गोचीड चावून रोग सांध्यात उतरलाय, असं क्वचितच होतं, म्हणाले. आत्यानं गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या. मी मात्र हट्टाला पेटले. शहरात, पुंडलिकनगरात राहते, मला लई कळतं ना! दारात म्हैस असेपर्यंत दुखणं जायचं नाही, असं ठणकावून मी तिची चंद्री विकायला लावली. रीतीप्रमाणं आत्यानं दावं ठेवून घेतलं आणि म्हैस दिली.

सहा महिन्यांनीही गुडघा तसाच. पुन्हा गेलो. डॉक्टर म्हणाले, "जंतू केव्हाच मेलेत. त्यांच्याशी लढायला शरीरानं दाह करणारे रेणू सोडले होते, ते थांबायलाच तयार नाहीत. आता तेच सांधा सुजवतायत."

"म्हंजी माझ्याच अंगातलं?" आत्यानं विचारलं.

"हो."

घरी आल्यावर ती लंगडत गोठ्यात गेली, खुंटीवरचं दावं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"दगा घरातल्यानंच दिला व्हय? मग हे आता कुणाच्या गळ्यात बांधू, तूच सांग."