राजाच्या वेशातला माझा बाप

"सलून कशाला शोधता? आपला न्हावी इथंच हाय की!"

नाशिकला नाट्यस्पर्धा होती. मध्यंतर. रंगपटात आमच्या गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष प्रमुख पाहुण्यांना हे सांगत होते. पाहुण्यांची दाढी राहिली होती आणि शेवटी त्यांना मंचावर जायचं होतं.

न्हावी म्हणजे माझा बाप. अण्णा. त्या क्षणी अंगात जरीचा अंगरखा, डोक्यावर मुकुट. नाटकातला राजा होता तो.

अण्णांचं चांदवडला सलून. नाटकाचं वेड लहानपणापासून. मंडळात वर्षानुवर्षं त्यांनी दुसऱ्यांना दाढीमिशा चिकटवल्या, टोप बसवले. काम मागितलं की अध्यक्ष हसायचे. त्या वर्षी पहिल्यांदा भूमिका मिळाली. महिनाभर गिऱ्हाइकाचे केस कापताना ओठ हलत असायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "मला काय म्हनला का?"

मी कॉलेजात होते. नाटक बघायला आले होते. अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"पोरी, गरम पाणी आण जरा."

"नाही आणणार," मी म्हटलं. "ते आत्ता राजा आहेत."

सगळे हसले. पाहुणेसुद्धा. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुकुट काढून खुर्चीवर ठेवला. स्वतः पाणी आणलं. अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि मान वाकवून दाढी केली.

तिसरी घंटा झाली. अण्णा मंचावर गेले. एकही वाक्य विसरले नाहीत, पण आवाज निघेना. दरबारात राजा उभा, आणि मागच्या रांगेतून आरोळी: "मोठ्यानं बोला!" परीक्षक म्हणाले, राजा थकलेला वाटला.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. पिंपळगाव मागे पडल्यावर बोलले.

"तू नाय म्हनली. माझ्या तोंडून का नाय निघालं गं?"

 

त्या मंडळाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. अध्यक्षांनी दोनदा निरोप पाठवला, टोप बसवायला या म्हणून. अण्णांनी सांगितलं, "येनार नाय." पण दुसरं मंडळ गावात नव्हतं. घरात, मोरीत, गच्चीवर एकटेच राजा व्हायचे. शेजारी म्हणायचे, याला लागीर झालंय.

मागच्या वर्षी अण्णा गेले. मंडळानं शोकसभा घेतली. अध्यक्ष बोलले, "हात फार हलका होता त्यांचा. असा कारागीर होणे नाही." बस्स. नाटकाचा एक शब्द नाही.

मी उठले. माइक घेतला.

"माझे वडील नट होते. तुम्ही त्यांना होऊ दिलं नाहीत."

"ताई, ही श्रद्धांजलीची सभा आहे," कुणीतरी माझा हात धरला. हात झटकला. राजाचं दरबारातलं भाषण ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. ते म्हणायला लागले. अख्खं. खणखणीत. दोघंतिघं उठून गेले. जाऊ दे. मी थांबले नाही.

आता मी नाशिकला पार्लर चालवते आणि नाटक लिहिते. यंदा स्पर्धेत आमचं नाटक आहे. मैत्रीण म्हणाली, "पोस्टरवर आडनाव नको घालू गं. लोक लगेच जात काढतात."

काढू देत. लेखन माझं, दिग्दर्शन माझं, मुख्य भूमिका माझी. तिन्ही ठिकाणी आडनाव छापलंय. मोठ्या अक्षरात.