काकूंकडची किल्ली

बटर पॉपकॉर्नचा वास आला की माझी नजर आधी दाराच्या कडीकडे जाते. एकदा परळच्या थिएटरात दुपारी भुताचा सिनेमा बघत होते, शेजारी ऑफिसातला मित्र होता. त्याला मी महिन्याभरापूर्वीच नाही म्हटलं होतं, पण मैत्री तुटू नये म्हणून गेले. पडद्यावर नकार मिळालेला प्रियकर मरून भूत झाला आणि त्या मुलीच्या अंगात शिरला, तेव्हा हा माझ्या कानाशी पुटपुटला, "मेल्यावरही सोडत नाही बघ. याला म्हणतात प्रेम." इंटरव्हलला बाथरूमचं निमित्त करून निघाले ती लालबागच्या आमच्या चाळीपर्यंत न थांबता चालत आले. घरी कुणी नसलं की किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. मी मागितली तर काकू हसून म्हणाल्या, "अगं, मागे चहाला आलेला तुझा मित्र आलाय ना बाइकवरून! उन्हात कुठे उभा ठेवायचा, म्हणून दार उघडून दिलं." आत पंख्याखाली तो आमच्या खाटेवर बसला होता, मांडीवर पॉपकॉर्नचा पुडा. "तुझे राहिले होते," म्हणाला. आई कामावरून येईपर्यंत मी माझ्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. काकू अजूनही भेटल्या की विचारतात, "किती जीव लावायचा गं तो, त्याला नाही का म्हणालीस?"